करंजमाळावरचा धूर

हैबती उतेकर विमानवाल्यांना जेवू घालायचा. महाडात हे कुणाला सांगितलं की माणूस आधी हसतो. मग विचारतो, आपल्याकडे विमानं कुठली?

होती. महाडहून पोलादपूरला जाताना सावित्रीच्या अंगाला करंजमाळ लागतो. लढाईच्या काळात लष्करानं त्यावर रोलर फिरवला होता. लढाई संपली, लष्कर गेलं, माळ गुरांना मोकळा झाला. पुढे मुंबईच्या एका हौशी क्लबाला त्याचा पत्ता लागला. क्लबातले लोक पैसेवाले. काहींची स्वतःची विमानं, काही भाड्यानं घेऊन उडवणारे. पाऊस सरला की दर रविवारी दोन-तीन विमानं यायची. रायगडावरून एक घिरटी घालायची आणि माळावर उतरायची. माणसं जेवायची, आंब्याखाली झोपायची, उन्हं कलली की उडून जायची.

त्यांचं जेवण, पाणी, सावली, विमान बांधायची दावी, सगळं हैबतीकडे होतं.

आम्ही एका शाळेत होतो. सातवीनंतर तो मुंबईला गेला आणि त्याच क्लबाच्या कॅण्टीनमध्ये बशा धुता धुता आम्लेट करायला शिकला. मी पुण्याला जाऊन मराठी घेऊन बी.ए. झालो, आणि महाडला परत येऊन नोकरीची वाट बघू लागलो. माझं खरं नाव त्यानं सोडूनच दिलं होतं. मला तो बीए म्हणायचा.

करंजमाळाच्या कडेला करंजवाडी. तिथं त्याचं घर, भाताचा एक तुकडा आणि रखमा. रखमा त्याची बायको, माहेर उमरठचं. लग्नानंतरची बहुतेक वर्षं तिनं एकटीनं काढली. तो मुंबईला, गाववाल्यांच्या खोलीत, जिथं बाईमाणसाला जागा नसते. शिमग्याला यायचा, गणपतीला यायचा. त्यांना एक मुलगी झाली. ती रांगायची थांबून चालायला लागली तेही त्याला कुणाच्या तोंडून कळलं. एका आषाढात ती तापानं गेली. तार पोचली, पण नदीनाले चढलेले होते. तो आला तेव्हा सगळं उरकलं होतं. रखमानं त्याला भाकरी वाढली आणि शेतावर गेली.

त्यानंतर काही महिन्यांनी क्लबाच्या फ्रामजीसेठनी त्याला विचारलं, "तू तिकडचाच ना? मग तिकडेच कॅण्टीन चालव की." हैबतीनं त्याच आठवड्यात मुंबई सोडली.

माळावर त्यानं आधी पत्र्याची खोप उभी केली. मग दोन खाटा, पाण्याचं पिंप, चूल. मग कारवीच्या कुडाचा एक संडास. तो बघायला अख्खी वाडी आली. मालोजीकाका, वाडीतले जुने जाणते, आत डोकावले आणि म्हणाले, "एवढा डोंगर सोडून शेट लोक ह्या डालग्यात बसनार?"

"काका, त्येंला सवय नाय," हैबती म्हणाला.

"कसली? उठायची का बसायची?"

खोपीवर मी इंग्रजीत फळा रंगवून दिला. चहा, आम्लेट, मासे, कोंबडी, भात. माझ्या शिक्षणाचा पहिला उपयोग तो. हैबतीनं फळा लांबून बघितला, जवळून बघितला. "झकास. आता खाली मराठीत लिही, उधार नाय."

"विमानातून येणारा उधार मागेल?"

"बीए, तू मुंबई बघितली नायस."

जेवण साधं असायचं. दासगावच्या खाडीची कोळंबी, तांदळाच्या पिठात घोळवून तळलेले नदीतले मासे, कोंबडीचा रस्सा, तांदळाची भाकरी. भाकरी रखमाची. फ्रामजीसेठ भाकरीच्या पापुद्र्यात रस्सा भरून खायचे आणि डोळे मिटायचे. त्यांचं विमान पिवळं होतं, दोन माणसांचं. उतरले की आधी हात धुवायचे, मग विचारायचे, "रखमाबाई, आज काय मारला?" रखमा पदर तोंडाला लावून आत जायची. पण रविवारी ती कोंबडीच्या रश्श्यात मिरची कमी टाकायची, कारण सेठना ठसका लागतो. घरच्या रश्श्यात मात्र नेहमीएवढीच.

त्या दोन वर्षांत मी रखमाला हसताना पाहिलं. त्याआधी पाहिलं नव्हतं.

माळावर तार नाही, टेलिफोन नाही. मोठ्या विमानतळावर वारा दाखवायला खांबावर कापडाची लांब पिशवी बांधतात. हैबती तिला झोळ म्हणायचा. झोळ मिळावा म्हणून त्यानं क्लबाकडे किती वेळा निरोप धाडले. झोळ आला नाही. म्हणून त्यानं आणि फ्रामजीसेठनी मिळून एक रीत घातली. विमान येऊन घिरटी घालेल. हैबती गुरं हाकून माळ मोकळा करील. मग चुलीत ऐनाचा ओला पाला टाकील. पांढरा धूर उठेल. धुरावरून वारा कळेल आणि माळ मोकळा आहे हेही कळेल. धूर नाही तर उतरायचं नाही, आल्या वाटेनं परत जायचं.

रीत चांगली चालली. वाडीनंही एक गोष्ट कबूल केली होती. रविवारी माळाच्या आसपास कुणी राब भाजायचा नाही.

आमच्याकडे भाताचं रोप ज्या तुकड्यात टाकायचं तो तुकडा उन्हाळ्यात भाजून घेतात. फांद्या, पाला, शेण, गवत, वर मातीचा हात. वारा पडलेला बघायचा आणि पेटवायचं. त्याला राब म्हणतात. राब नीट भाजला नाही तर रोप धरत नाही, तणच माजतं. शिमगा झाला की सगळ्या खोऱ्यात धूर असतो. लहान मूलसुद्धा घरात बसून सांगतं, हा राबाचा, हा चुलीचा, हा वणव्याचा. प्रत्येकाचा वास वेगळा.

त्या वर्षी हैबती हंगामभर धास्तावलेला होता. क्लबात काही जणांना करंजमाळ नको होता. एवढ्या लांब, सोयी नाहीत, काही झालं तर डॉक्टर नाही. हंगामाच्या शेवटी बैठक होऊन ठरणार होतं. माळ ठेवायचा ठरला तर खोपीच्या जागी पक्कं घर आणि हैबतीला कायमची नोकरी. नाही ठरला तर मुंबई.

एकदा मी खोपीत चहा पीत बसलो होतो. हैबती पिंपात पाणी ओतायला गेला होता. रखमा भाकरी थापता थापता म्हणाली, "भावजी, तुमच्या दोस्ताला सांगून ठेवा. परत मुंबैला गेले तर मागं घर नाय ऱ्हानार."

"वहिनी, असं काय बोलता?"

"मी काय विहिरीत जीव देत नाय," ती म्हणाली. "पन एकटी नाय ऱ्हानार त्या घरात. एकदा ऱ्हायले. झाला तेवढा पुरे."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. हैबती आला तेव्हा ती नेहमीसारखी होती.

तो शनिवार होता. चवदार तळ्याच्या मेळाव्याचे दिवस जवळ आले होते, बाजारपेठेत पताका लागत होत्या. हैबती रविवारची कोळंबी घ्यायला महाडला आला होता. मी त्याच्याबरोबर होतो. तो कोळणीशी भांडत होता.

"ही कालची हाय गो."

"तुज्या बायलीला इचार कालची कशी असते," कोळीण म्हणाली. "घे नायतर फुट."

तेवढ्यात वरून आवाज आला. हैबतीनं मान वर केली. विमान नदीच्या अंगानं दक्षिणेला चाललं होतं.

"पिवळं," तो म्हणाला. "फ्रामजीशेट. आज कशाला?"

"उतरतील?"

"मी हितं, धूर कोन करनार? बघतील, फिरून जातील. उद्या शिव्या देतील मला." तो हसला आणि पुन्हा कोळंबीकडे वळला. वाटा कमी आहे म्हणून आणखी दोन मूठ मागून घेतली.

आम्ही विमान परत जाताना दिसेल म्हणून बघत होतो. ते परत आलं नाही. आवाजही थांबला. हैबती पेठेच्या टोकाला मोकळ्यावर आला आणि दक्षिणेला बघू लागला. डोंगराच्या पायथ्याशी धुराची एक पट्टी आडवी झाली होती.

"कुनीतरी राब लावलाय," तो म्हणाला.

मग तो पळायला लागला. कोळंबीची पिशवी त्याच्या हातात तशीच होती.

पोलादपूरकडे जाणारा एक ट्रक मिळाला. आम्ही मागे उभे होतो. हैबती एकसारखा बोलत होता. "राबाचा धूर भुईला धरून चालतो रे. चुलीचा सरळ जातो. शेटला कळंल. दोन वर्सं येतायत." थोड्या वेळानं, "वासावरनं तर कळतंच. राबाला शेनाचा वास असतो." दासगावची कोळंबी त्याच्या पायाशी पाणी सोडत होती.

"बीए," तो म्हणाला. "वर वास जात आसंल का रे?"

उत्तर त्याला ठाऊक होतं.

विमान माळाच्या खालच्या बाजूला उलटं पडलं होतं. चाकं वर. थोड्या अंतरावर मालोजीकाकांचा बैल कुशीवर पडला होता. त्याची मान अजून हलत होती. शनिवार म्हणून गुरं माळावरच होती. फ्रामजीसेठना रखमानं आणि मालोजीकाकांनी बाहेर ओढून खाटेवर ठेवलं होतं. त्यांचा एक पाय बघवत नव्हता. रखमाचे हात कोपरापर्यंत काळे होते. तिच्या मागे, हैबतीच्या तुकड्यात, राब शांतपणे जळत होता.

हैबती खाटेजवळ खाली बसला. सेठनी डोळे उघडले.

"धूर होता, हैबती," ते म्हणाले.

"व्हता, शेट."

"मी बघितला ना?"

"बघितला, शेट. व्हता."

खाटेसकट त्यांना ट्रकवर चढवलं. महाडच्या डॉक्टरांनी पाय बांधला आणि मोटार करून मुंबईला धाडलं. हैबती मोटारीमागे पेठेच्या टोकापर्यंत पळत गेला.

संध्याकाळी आम्ही माळावर परत आलो. विमानाजवळ सामान विखुरलं होतं. त्यात तागाच्या दोरीनं बांधलेला एक गठ्ठा होता. हैबतीनं दोरी सोडली. आत नारिंगी कापड, एका तोंडाला लोखंडी कडं शिवलेलं. त्यानं ते उलगडलं. माणसाहून लांब.

झोळ होता.

रखमा आमच्या मागे उभी होती. "हे काय?" तिनं विचारलं. हैबतीनं कडं वर धरून दाखवलं. तिला कळलं असावं. ती हळू आवाजात बोलायला लागली, कुणाला सांगत होती कोण जाणे. "शनवार म्हनून लावला. वारा पडला व्हता. उद्या लावता येनार नाय, परवा वारा सुटंल, म्हनून लावला. ते इमान फिरत व्हतं. मी म्हनलं बघून जाईल. मी हात केला त्येंला. नको म्हनून हात केला."

"गप," हैबती म्हणाला. "तू नाय लावलास. मी लावला."

"तुमी महाडला व्हता."

"मी लावला आनि मग महाडला गेलो. कोनी इचारलं तर हेच."

कोळंबी दुसऱ्या दिवशी फेकून दिली.

आठवडाभरानं मुंबईहून क्लबाचे सेक्रेटरी आले, मोटारीनं. सभ्य माणूस. खोपीतल्या खाटेवर बसण्याआधी त्यांनी विचारलं, बसू का. ते इंग्रजीत बोलत होते, मी मध्ये दुभाषी. सेठचा पाय काढावा लागला, हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. सेठ कुणाला दोष देत नाहीत, हेही सांगितलं. मग विचारलं, धूर कुणी केला?

याचं काय उत्तर द्यायचं ते आम्ही आधी बोललो होतो. मी हैबतीला म्हणालो होतो, सांग वाडीतल्या कुणीतरी राब लावला. खोऱ्यात शंभर राब जळतात. एकाचं नाव कोण घेणार? माळ वाचेल. मालोजीकाका तिथंच बसले होते. त्यांचा बैल गेला होता. ते म्हणाले, "माज्या नावावर टाक. मला काय तुजा क्लब दोन टायमाला वाढत नाय. माजं काय काढून घेनार? दुसरा पन बैल?"

हैबती तेव्हा उठून चुलीत लाकडं सारायला गेला होता.

आता त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. सेक्रेटरींकडे बघून तो म्हणाला, "माज्या दारातला राब. मी लावला."

"तुझ्या नियमाप्रमाणे धूर म्हणजे माळ मोकळा," सेक्रेटरी म्हणाले. मी मराठीत सांगितलं.

"व्हय, सायब."

"मग तूच धूर का केलास?"

"तो त्येंच्यासाठी नव्हता." हैबतीनं नाकाला बोट लावलं. "आमाला वास येतो, सायब. आमी धूर वासावरनं वळखतो. वरच्या मानसाला नाकाचा उपेग नाय, हे माज्या ध्यानात नाय आलं. दोन वर्सं धूर केला, पन ध्यानात नाय आलं."

मी हे इंग्रजीत सांगितलं. रखमा चुलीपाशी पाठ करून बसली होती. तिची पाठ हलली नाही.

माळ बंद झाला. जाताना सेक्रेटरींनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, माळावर चुन्यानं मोठी फुली काढायची, वरून दिसेल अशी. फुली म्हणजे इथं उतरू नका, हे सगळ्या जगात ठरलेलं आहे. निरोप सगळीकडे जायला वेळ लागेल, तोवर कुणी चुकून येऊ नये. दुसरी, हैबतीची कॅण्टीनमधली जुनी जागा त्याला केव्हाही मिळेल.

ते त्याच्यावर उपकार करत होते. त्यांना ते उपकारच वाटत होते.

फुलीचा दिवस उजाडायच्या आधीच वाडीनं आपलं काम केलं. माळाच्या खालच्या अर्ध्यात आडवे चर खणले, बैलाची मांडी जाईल एवढे. आता एकही विमान नको, असं पंचांनी ठरवलं होतं. त्यांचंही चुकलं नव्हतं. चरातली माती आणि माळाची माती एकच, जवळ जाईपर्यंत चर दिसत नव्हते.

मी महाडहून चुन्याची पोती घेऊन गेलो. हैबतीनं पिंपातलं सगळं पाणी चुना कालवायला ओतलं. मालोजीकाकांनी दोरी धरली. दोरीच्या कडेनं हैबती घमेल्यातून चुना ओतत चालला. खोपीत रखमा कोंबडी शिजवत होती. विमानवाल्यांसाठी पाळलेल्या कोंबड्या उरल्या होत्या. "ठेवून कोनाला घालू?" ती सकाळी म्हणाली होती. मसाला तिनं नेहमीसारखा वाटला होता. मिरची कमी.

फुलीची एक रेघ पुरी झाली. लांबलचक, पांढरी. दुसरीला हात लावायच्या आधी आम्ही आंब्याखाली टेकलो. तेवढ्यात आवाज आला.

पुण्याच्या बाजूनं एक चंदेरी विमान येत होतं. त्याला निरोप मिळाला नसावा. त्यानं माळावर घिरटी घातली. वरून त्याला काय दिसलं असेल? पांढरी एक रेघ. रेघ म्हणजे फुली नव्हे.

"जाईल," हैबती म्हणाला. "धूर नाय. जाईल."

मी त्याच्याकडे बघत होतो, म्हणून त्याचा चेहरा बदलताना मला दिसला. तो माझ्या मागे बघत होता. मी वळलो. खोपीच्या पत्र्याखालून पांढरा धूर निघत होता. दाट. रखमा चुलीपुढे ओणवी होती आणि ऐनाचा ओला पाला मुठीमुठीनं आत कोंबत होती.

विमान वळलं आणि खाली यायला लागलं.

हैबती धावला. मी त्याच्या मागे. तो ओरडत होता, काय ते शब्द नव्हते. त्यानं रखमाला बाजूला ढकललं, लाथेनं लाकडं उधळली. पाला आणखी धुमसला. तो पिंपाकडे धावला. पिंप रिकामं होतं. सगळं पाणी चुन्यात गेलं होतं. त्यानं एकदा इकडेतिकडे बघितलं. मग चुलीवरचं रश्श्याचं पातेलं दोन्ही हातांनी उचललं. कापड नाही, काही नाही. आणि चुलीवर पालथं केलं.

मालोजीकाका माळावर मधोमध उभे राहून मुंडासं हलवत होते.

विमान चाकं दिसतील एवढं खाली आलं. तोवर धूर तुटला होता. ते आमच्या डोक्यावरून गेलं, वर उठलं, पोलादपूरच्या अंगाला लहान होत गेलं. आवाज घाटात बराच वेळ राहिला.

हैबती चुलीपाशी बसला होता. हात पुढे धरून, ते दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

"रखमा," तो म्हणाला. "खाली चर हायत गो."

"ठाव हाय."

"मेला असता तो."

"वरचा अर्धा माळ मोकळाच व्हता की," रखमा म्हणाली. "वरच्या अंगाला उतरला असता. जेवला असता. जाऊन क्लबात सांगितलं असतं, माळ चालू हाय, जेवान चांगलं हाय." तिचा आवाज चढला नाही. "एक जन उतरला असता तरी झालं असतं."

तिला असं का वाटलं, हे मी आजही सांगू शकत नाही. ती वेडी नव्हती. विमान वर फिरताना तिला एवढंच दिसलं असेल की माणूस आला आहे, जेवण तयार आहे, आणि त्याला बोलवायची खूण आपल्या हातात आहे.

तिनं राखेतून कोंबडीचे तुकडे वेचले. ते पुसून ताटलीत ठेवले. अन्न टाकायचं नसतं. मग हैबतीच्या हातांना खोबरेल लावलं, आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधली. ते झाल्यावर तिनं चुन्याचं घमेलं उचललं. मालोजीकाकांनी पुन्हा दोरी धरली. फुलीची दुसरी रेघ रखमानं काढली. तिची रेघ हैबतीच्या रेघेपेक्षा सरळ आली. मी आणि हैबती आंब्याखाली बसून बघत होतो.

चुना वाळल्यावर फुली एवढी पांढरी दिसायला लागली की डोळे मिटले तरी दिसे.

आणखी काही दिवसांनी दोघं महाडच्या एस.टी. स्टँडवर आली. मी आधीच जाऊन थांबलो होतो. हैबतीच्या हातांना डॉक्टरांच्या पट्ट्या होत्या. त्याची ट्रंक मी घेतली. मुंबईची गाडी लागली होती. पोलादपूरची तिच्या मागे. रखमा उमरठला, माहेरी निघाली होती. घराला कुलूप लावून किल्ली मालोजीकाकांकडे दिली होती. काका म्हणाले होते, "किल्ली गंजंल. मधे मधे येऊन कुलूप उघडत जा." दोघांनी हो म्हटलं होतं.

तिचं सामान एका नारिंगी गाठोड्यात होतं. मी नीट बघितलं. झोळाचं अरुंद तोंड गाठ मारून बंद केलं होतं, रुंद तोंडातून लुगडी, तवा, काठवट आत घातली होती. लोखंडी कडं उसवून काढलं होतं.

"कापड चांगलं हाय," मी बघतोय हे पाहून ती म्हणाली. "पावसात भिजत नाय."

हैबती खिडकीपाशी बसला. ट्रंक मी त्याच्या पायाशी सरकवली.

"बीए, फळा खोपीतच हाय. घेऊन जा. मास्तर झालास की शाळेत लाव. आम्लेट लिवलंय, पोरं जमतील."

मला हसता आलं नाही. तो हसला. मग त्यानं मागच्या गाडीकडे बघितलं. रखमा आत बसली होती, पलीकडच्या बाजूला, तिचा चेहरा दिसत नव्हता. गाठोडं कंडक्टरनं टपावर चढवलं होतं.

"ती बोलली का तुज्याशी?" त्यानं विचारलं.

"कापड चांगलं आहे म्हणाली."

त्यानं मान हलवली. पट्टीतल्या हातानं त्याला खिडकीची काच वर करता येत नव्हती. मी बाहेरून केली.

मुंबईची गाडी आधी सुटली. ती उत्तरेला वळली तेव्हा पोलादपूरची सुरू झाली आणि दक्षिणेला गेली. टपावरचं नारिंगी कापड वाऱ्यानं एका बाजूला फुगलं होतं. पेठेच्या वळणापर्यंत ते दिसत राहिलं.